चप्पल कारागिराकडे ओजेटी करतोय, १२० तासांत त्यांच्या उपयोगाचं काय करता येईल?

टीवाय_कोल्हापूर
नमस्कार. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला ४ क्रेडिटची ओजेटी आहे, म्हणजे १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं. वर्गातली बरीच मुलं सीएंच्या ऑफिसात गेली. आम्ही चौघं सुभाषनगरातल्या एका काकांकडे जातोय. ते कोल्हापुरी चपला करतात. घरातच काम चालतं. काका आणि त्यांचे भाऊ कातडं कापतात, शिवतात, काकू वेण्या विणतात. थोडा माल दुकानांना जातो, थोडा व्हॉट्सॲपवरून बाहेरगावी.

पहिल्या आठवड्यात आम्ही लोगो केला, इन्स्टाचं पेज काढलं, उन्हात फोटो घेतले. काका प्रत्येक गोष्टीला "छान केलंय" म्हणतात. पण परवा काकूंनी विचारलं, "पोरांनो, ह्यानं परत येणारा माल थांबणार काय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि मला रात्रभर ते लागून राहिलं. ३२ तास संपलेत, ८८ उरलेत. आम्ही गेल्यावरही त्यांच्या कामी येईल असं काय करावं? ज्यांच्या घरी असे विद्यार्थी येऊन गेलेत त्यांनी जरूर लिहा.

पेठेतला
गूगल मॅपवर त्यांचं ठिकाण टाकलंय का? नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, फोन नंबर, कामाच्या वेळा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं फोनवर शोधतच फिरतात. तासाभराचं काम आहे. खातं मात्र काकांच्याच नंबरवर काढा.

चपलेवाल्यांची_लेक
काकूंचा प्रश्न हाच तुमचा प्रोजेक्ट. बाकी सगळं बाजूला ठेवा.

आमच्या घरी दोन वेळा विद्यार्थी आले. पहिल्यांदा आलेल्या मुलांनी ॲप केलं. दिसायला सुंदर होतं. परीक्षा झाली, मुलं गावाला गेली, पासवर्ड त्यांच्यातल्या एकाच्या फोनमध्ये राहिला. बाबा दोन महिने त्याला फोन करत होते. मुलं वाईट नव्हती, पण बाबांना काय नडतंय हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी दोन मुली आल्या. चार दिवस त्या नुसत्या बिलबुक घेऊन बसल्या. परत आलेला प्रत्येक जोड, कुणाकडून आला, का आला, हे वहीत लिहिलं. ४० जोडांमागे ११ परत येत होते आणि त्यातले ९ मापामुळे. गिऱ्हाईक बुटाचा नंबर सांगतं, "८ पाठवा". पण नंबर फक्त लांबी सांगतो. पाऊल वरून उंच असेल तर पट्टा आवळतो, पंजा रुंद असेल तर चपलेच्या कानांशी, म्हणजे बाजूच्या पाळ्यांशी, काचतं. त्यात कोल्हापुरी नवी असताना घट्टच असते, वापरून ती पायाला बसते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. जायचं कुरिअर आपलं, यायचं आपलं आणि परत आलेल्या जोडाच्या तळावर ओरखडे. तो जोड पुन्हा पूर्ण किमतीला जात नाही.

त्या मुलींनी काय केलं, तर कागद. गिऱ्हाइकानं ए-फोर कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारायची आणि चारही कोपरे दिसतील असा वरून फोटो पाठवायचा. ए-फोर कागद सगळीकडे २९.७ बाय २१ सेंटिमीटरच असतो, त्यामुळे मोजपट्टी फोटोतच आली. दुसरं माप दोऱ्याचं, पावलाच्या उंच भागाभोवती गुंडाळून. दोन्ही पायांचं, कारण दोन पाय सारखे नसतात. हे सगळं पाच ओळींत लिहून त्यांनी आईच्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तर म्हणून ठेवलं. आई एक बटण दाबते, मेसेज जातो. पुढच्या ४० जोडांत ३ परत आले.

आणखी एक सांगते, कारण ते माझ्या फार जवळचं आहे. त्या मुलींनी जोडाचा खर्च काढायला घेतला. कातडं, दोरा, तळ, कुरिअर सगळं लिहिलं आणि आईला वेणीला किती वेळ लागतो ते विचारलं. आई म्हणाली, "ते घरातलं काम बघत होतंय, त्याचं काय धरायचं?" त्यांनी घड्याळ लावून बसून वेळ मोजला. आईचे ते तास आमच्या कुठल्याच किमतीत नव्हते. बाबा बराच वेळ तो कागद बघत बसले. त्या महिन्यापासून आमच्या कापशी चपलेचा (कोल्हापुरीचाच एक प्रकार) दर वाढला. काकूंचा वेळही मोजा, नक्की मोजा.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हापासून "अस्सल कशावरून?" असं फार लोक विचारतात. २०१९ ला मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आपले ४ आणि कर्नाटकातले ४ अशा जिल्ह्यांचं आहे. पण त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराला वेगळी नोंद करावी लागते. काकांची झालीय का विचारा. नसेल तर फॉर्म भरायला त्यांच्याशेजारी बसा.

टीवाय_कोल्हापूर
ताई, मनापासून आभार. अडचण एकच, काका परत आलेल्या मालाची वही ठेवत नाहीत. सगळं तोंडी.

चपलेवाल्यांची_लेक
कुरिअरच्या पावत्या मागा. व्हॉट्सॲपमध्ये "परत", "लहान", "घट्ट" हे शब्द शोधा. आणि काकूंना विचारा, त्यांच्या सगळं ध्यानात असणार.

निवृत्त_बँकवाला
मुलांनो, दोन गोष्टी माझ्याकडून. काकांची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, बघा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असेल तर दुकानदारानं लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. माल देण्याआधीच नोंदणी केलेली बरी. दुकानदाराशी संबंध जपून हे कसं बोलायचं ते काकांना ठरवू द्या.

दुसरं, पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत पादत्राणं करणारे कारागीर आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. मी नोकरीत असताना फार कारागीर सावकाराकडे जाताना पाहिलेत, म्हणून कळकळीनं सांगतो. कर्ज हवंय का, हे मात्र आधी विचारा.

टीवाय_कोल्हापूर
आज काकूंसोबत बसलो. पावत्या त्यांनी एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या, परतीच्या १७ निघाल्या. १२ जणांना फोन झाले, त्यातले ८ माप चुकल्याचं म्हणाले. काकांना कागद आणि दोऱ्याचं सांगितलं, तर ते उठून आतनं जुनी ट्रंक घेऊन आले. त्यात त्यांच्या वडिलांनी पुठ्ठ्यावर काढून ठेवलेले गिऱ्हाइकांचे पाय आहेत, प्रत्येकावर नाव. उद्यापासून तसेच पुठ्ठे पुन्हा कापायला घेतोय.