खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा: झूमला शार्प, वाइडला मऊ. असं का?

नवाखांदा
नमस्कार मंडळी. आजवर सगळं काम मिररलेसवर केलं. आता व्याख्यानं आणि नृत्याचे कार्यक्रम टिपायला लेन्स बदलता येणारा, तीन सेन्सरचा खांद्यावरचा कॅमेरा हाती आलाय. रिकाम्या सभागृहात चाचणी घेतली, तर झूम करून फोकस लावला की चेहरा झकास दिसतो, पण वाइडला आलं की सगळंच मऊ, अस्पष्ट. एलईडी दिव्यांखाली पट्ट्या सरकतात (शटर १/६०). आणि दर दहा-अकरा मिनिटांनी फाइल तुटते. मी कार्डावरून फक्त व्हिडिओ फाइल्स उचलल्या, त्या जोडल्या की सांध्यावर आवाजाला झटका बसतो. कॅमेऱ्यात दोष आहे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची? मेनू उघडला की घाम फुटतो.

तिपाई
कॅमेरा ठणठणीत आहे. मेनू आधी बंद करा. या कॅमेऱ्याला बाहेरून एवढी बटणं दिलीत ती मेनूत शिरायला लागू नये म्हणूनच.

पहिलं काम व्ह्यूफाइंडरचं. डायॉप्टर (व्ह्यूफाइंडर आपल्या डोळ्याला जुळवायची चकती) फिरवून आतली अक्षरं स्पष्ट करा. चित्राकडे बघू नका, अक्षरांकडे बघा. मग कलर बार (चाचणीचे ठरावीक रंगपट्टे) लावून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बसवा. हे न करता फोकस आणि एक्स्पोजरबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही; ज्यातून बघताय तेच खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता तुमचा मऊपणा. लेन्सच्या मागच्या टोकाला मॅक्रो रिंग (अगदी जवळच्या वस्तूवर फोकस घ्यायची) असते, ती जागेवर आहे ना ते आधी बघा. वाहतुकीत सरकते आणि लोक उगीच लेन्सला दोष देतात. ती ठीक असेल तर बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर, हललंय. तीनेक मीटरवर तारेसारखा फोकस चार्ट लावा, नसेल तर बारीक छपाईचा कागद. आयरिस (उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडा, उजेड जास्त झाला तर एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावा, आयरिसला हात नको. पूर्ण झूम करून पुढच्या रिंगने फोकस घ्या. मग पूर्ण वाइडला या आणि पुढची रिंग न हलवता ‘एफ.बी.’ लिहिलेल्या, बॅक फोकसच्या रिंगचा स्क्रू सैल करून तिच्यानेच चित्र शार्प करा. पुन्हा झूम, पुन्हा वाइड, दोन्ही टोकं जुळेपर्यंत. शेवटी स्क्रू आवळा. मी लेन्स काढून लावली की दर वेळी हे करतो. आयरिस उघडी का, तर बंद आयरिसला डेप्थ (शार्प दिसणारी खोली) वाढते आणि चूक झाकली जाते. संध्याकाळी उजेड कमी झाला की तीच चूक पडद्यावर दिसते.

पट्ट्यांचं सोपं आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००; ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. डिमरवरचे काही एलईडी तरीही ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी ईसीएस किंवा क्लिअर स्कॅन (शटर अगदी बारीक टप्प्यांत बदलायची सोय) लावून शटर बारीक-बारीक सरकवा, पट्टी थांबेपर्यंत.

एक्स्पोजर झेब्र्यावर, म्हणजे ठरावीक उजळपणाला व्ह्यूफाइंडरमध्ये उमटणाऱ्या रेघांवर. मी झेब्रा ७० टक्क्यांवर ठेवतो आणि उजळ त्वचेच्या कपाळावर, गालाच्या टोकावर जेमतेम रेघा येऊ देतो. सावळ्या चेहऱ्याला तोच ७० चा आकडा लावला तर चेहरा फिका पडतो, तिथे रेघा दिसायलाच नकोत. गेन (सिग्नल वाढवून चित्र उजळ करणं) शून्य डीबीवर. दर ६ डीबीला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड मिळतो, पण सोबत कणही येतात. नृत्याला दिवे क्षणाक्षणाला बदलतात, तेव्हा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून ३२०० (पिवळसर दिवे) किंवा ५६०० (दिवसाचा उजेड) केल्विनचा प्रीसेट धरा. निळा प्रकाश निळाच दिसायला हवा. व्याख्यानाला मात्र वक्ता उभा राहतो तिथे पांढरा कागद धरून मेमरी ‘ए’ मध्ये घ्या. आधी ब्लॅक बॅलन्स, म्हणजे काळा काळाच दिसेल.

आवाज: मिक्सरची लाइन एका चॅनेलला, कॅमेऱ्याचा माइक दुसऱ्याला. लाइन आलेल्या इनपुटचं बटण ‘माइक’वर राहिलं तर आवाज फाटतो. त्या इनपुटवर ४८ व्होल्ट (माइकला कॅमेऱ्यातून जाणारी वीज) बंद ठेवा. बोलण्याची शिखरं -१२ डीबीच्या आसपास पुरेत, टाळ्यांना जागा राहते.

काळीपट्टी
तिपाईंना अनुमोदन, एक भर घालतो. लॉगमध्ये (रंग नंतर बसवायचे म्हणून फिकं ठेवलेलं चित्र) शूट करायचा मोह होईल. ग्रेडिंगला, म्हणजे रंग बसवायला, वेळ नसेल तर रेक ७०९ (टीव्हीचं नेहमीचं रंगांचं मानक) मध्येच करा. आठ बिटवर लॉग ओढलं की भिंतीच्या छटांत पायऱ्या दिसू लागतात.

तिपाई
बरोबर. फाइल तुटण्याचं राहिलंच. कार्ड फॅट३२ पद्धतीचं असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) आवाजासकट तेवढं दहा-साडेदहा मिनिटांत भरतं, म्हणून कॅमेरा तुकडे पाडतो. कुठला तुकडा कशाला जोडायचा याची नोंद बाजूच्या छोट्या फाइल्समध्ये असते. तुम्ही नेमक्या त्याच कार्डावर सोडल्या. मुळातला सगळा फोल्डर जसा आहे तसा उचला, आतलं एकही नाव बदलू नका आणि एडिटिंगमध्ये मीडिया ब्राउझरमधून आत घ्या. सांधा दिसणार नाही.

कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून. फाइल्सचा आकार जुळला म्हणजे आतला मजकूर जुळला असं नव्हे. तासाला पंचवीस जीबी धरा. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, संगणकावर नाही.

नवाखांदा
मॅक्रो रिंगच सरकली होती! वाइड लख्ख झालं. फोल्डर अजून कार्डावर आहे, आता आख्खा उचलतो. एक्स्पोर्टला काय ठेवू? रेकॉर्डिंग १०८०, ५०आय होतं.

तिपाई
प्रसारणासाठी द्यायचं नसेल तर पुढच्या वेळी २५पी किंवा ५०पी (सेकंदाला तेवढ्या पूर्ण फ्रेम) करा. नृत्याला ५०पी, वेगात फिरणारे हात २५ ला तुटक वाटतात. आत्ताच्या फुटेजला एक्स्पोर्टआधी डीइंटरलेस करा (५०आयच्या अर्ध्या फ्रेम, म्हणजे फील्ड, यांपासून पूर्ण फ्रेम बनवा), फील्ड ऑर्डर ‘अपर फर्स्ट’, नाहीतर हलत्या कडांवर कंगव्याचे दात दिसतील. जपून ठेवायची प्रत प्रोरेस ४२२ (कमी दाबलेला, एडिटिंगचा फॉरमॅट), नेटवर चढवायची एच.२६४, पंधरा एमबीपीएस. प्रसारणवाल्यांनी ईबीयू आर१२८ (प्रसारणातल्या आवाजाच्या पातळीचं युरोपीय मानक) मागितलं तर आवाज -२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप). आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल हेडफोन लावून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

काळीपट्टी
शेवटपर्यंत म्हणजे खरंच शेवटपर्यंत. प्रश्नोत्तरांच्या वेळी दुसरा माइक सुरू होतो, तो मिक्सरच्या लाइनवर आलाय का हे तिथेच कळतं. नसेल आला तर कॅमेऱ्याच्या माइकचा चॅनेल आहेच.