मदत हवी आहे: दरवर्षी २५०० रुपये भरतेय, तरी म्हणतात ‘तुमची पीटी नोंदणी नाही’

मिरचीपूड:

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं पार भंजाळलंय, म्हणून इथे विचारतेय.

कराडजवळ आमचं मिरची कांडप आणि कांदा-लसूण मसाल्याचं युनिट आहे. सासूबाई घरच्या घरी करायच्या, मी २०२२ च्या पावसाळ्यात शेड भाड्यानं घेऊन काम वाढवलं. एकल मालकी, माझ्याच नावावर. तेव्हा एका एजंटानं गुमास्ता, उद्यम वगैरे करून देताना ‘पीटी’, म्हणजे व्यवसाय कराचा नंबरपण काढून दिला. तेव्हापासून दर जूनमध्ये २५०० रुपये न चुकता भरते. चलनं फाईलला लावलेली आहेत. माझी समजूत अशी की धंद्याचा व्यवसाय कर एकरकमी भरला, विषय संपला.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या दुकानसाखळीला माल द्यायचं जमत आलं. त्यांच्या विक्रेता नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘पीटीआरसी क्रमांक’ असा रकाना होता. मी माझा नंबर टाकला. फॉर्म परत आला, शेरा असा: ‘हा ९९ ने सुरू होतो, म्हणजे पीटीईसी आहे. २७ ने सुरू होणारा क्रमांक द्या.’ एजंटाला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, तुम्ही माणसं ठेवलीत हे मला कुठं सांगितलंत?” आता याला काय म्हणावं! शेडमध्ये बसून चहा पिऊन गेलाय तो, मावश्यांच्या हातचा.

हजेरीच्या रजिस्टरवरून सांगते. डिसेंबर २०२२ पासून तीन मावश्या, तेव्हा महिना १०,५०० आणि आता १२,०००. टेम्पोचा ड्रायव्हर तेव्हापासूनच, सुरुवातीला १४,०००. जानेवारी २०२४ पासून कांडप यंत्रावर एक जण, १७,०००. पुढे २०२४ मध्ये आणखी दोन बायका घेतल्या, ११,००० वर. कुणाच्याही पगारातून आजवर एक रुपया कापलेला नाही, उचल सोडून.

आता मला किती भरावं लागेल? मागचे पैसे कामगारांकडून घ्यायचे की मी भरायचे? आणि दंडानं शेड विकायची वेळ येईल का?

सह्याद्रीचा वारा:

ताई, घाबरू नका. वीस माणसांच्या आत असाल तर काही लागत नाही. माझं वर्कशॉप बारा वर्षं चाललंय, कुणी विचारायला आलं नाही.

खतावणी:

वारासाहेब, वीसचा आकडा भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, दहाचा. व्यवसाय कराला माणसांची अशी मर्यादाच नाही. एकच नोकर असला आणि त्याचा पगार करपात्र असला, तरी मालकाला नोंदणी लागते. कुणी विचारायला आलं नाही हे तुमचं नशीब, त्याला नियम म्हणू नका.

मिरचीपूड ताई, घोळ नावामुळे होतो. व्यवसाय कराची दोन दारं आहेत. पीटीईसी तुमची स्वतःची: तुम्ही धंदा करता म्हणून वर्षाला २५००. ते तुम्ही भरलंय, उत्तम. पीटीआरसी ही मालक म्हणून: नोकरांच्या पगारातून कापायचं आणि सरकारला पोचवायचं. एकाचा भरणा दुसऱ्यात चालत नाही. २५०० हा आकडा दोन्हीकडे दिसतो, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका माणसाकडून वर्षाला त्याहून जास्त व्यवसाय कर घेताच येत नाही. म्हणून तर नोकराचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. अकरा गुणिले २०० अधिक ३००, बेरीज करून बघा.

आता तुमच्या माणसांचं. पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५, त्यावर २०० (फेब्रुवारीत ३००). बायकांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत शून्य. म्हणजे आजच्या घडीला तुमच्या पाचही बायका सुटल्या. पण त्याआधी बायकांची मर्यादा १०,००० होती. डिसेंबर २०२२ ते मार्च २०२३ या चार महिन्यांत तुमच्या तिन्ही मावश्या १०,५०० वर होत्या. त्या ५०० रुपयांनी तुम्हाला गाठलं.

कामगारांकडून मागचं घेण्याबद्दल स्पष्ट बोलतो. कायदा सांगतो की पगार हातात देण्याआधी कापायचं, आणि कापलं असो वा नसो, भरायची जबाबदारी मालकाची. मावशींना अडीच वर्षांनी सांगणार का, की तेव्हाचे ९०० द्या म्हणून? सोडून द्या आणि स्वतः भरा.

निवृत्त लिपिक:

मध्येच बोलतो, राग मानू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं मी लहानपणी बघितली आहेत. रोजगार हमीला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ ला हा कर आणला. योजनेच्या मागे वि. स. पागे होते. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, खेड्यातल्या बेकाराला काम मिळायचं, असा तो हिशोब. आमच्या पगारपत्रकावर ‘व्य. क.’ असं लिहून यायचं आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना ते कशाचं हे शेवटपर्यंत कळलं नाही. चालू द्या तुमचं.

मिरचीपूड:

खतावणी, शतशः आभार. काल रात्री पोरं झोपल्यावर वही घेऊन बसले. मार्च २०२५ पर्यंतचा माझा हिशोब असा आला: तीन मावश्यांचे ते चार महिने प्रत्येकी ९००, म्हणजे २,७००. ड्रायव्हरचे त्याच चार महिन्यांचे ९०० आणि पुढच्या दोन वर्षांचे ५,०००. कांडपवाल्याचे पहिले तीन महिने ७०० आणि मग वर्षाचे २,५००. सगळे मिळून ११,८००. बरोबर ना? हुश्श झालं खरं तर. मी लाखाच्या गोष्टी ऐकत होते.

अजून एक सांगायचं राहिलं. हिशोब लिहायला सासऱ्यांचे मित्र येतात, त्यांना आम्ही काका म्हणतो. महिना ८,०००, एप्रिल २०२४ पासून. त्यांचे १७५ धरायचे का? वय ६८ आहे. शिवाय सीझनला, मार्च ते मे, मिरचीचे देठ खुडायला गावातल्या दहा-पंधरा जणी येतात. त्यांना किलोवर पैसे देतो, कुणी चार दिवस येतं, कुणी दहा. त्या पण माझ्या ‘एम्प्लॉई’ का? आणि दिवाळीला पगाराएवढा बोनस देतो, तो धरून स्लॅब बघायचा का?

खतावणी:

बेरीज बरोबर. काकांना वगळा, ६५ पूर्ण झालेल्यांना हा करच नाही. वयाचा पुरावा, आधार किंवा पॅनची प्रत, फाईलला ठेवा, नाहीतर तपासणीत तोच माणूस अडकतो. देठ खुडणाऱ्या बायका नैमित्तिक मजुरीवाल्या, त्या यात येत नाहीत. मात्र त्यातलीच एखादी वर्षभर रोज येऊ लागली तर ती नैमित्तिक राहिली नाही, हे ध्यानात असू द्या. बोनस पगारात धरत नाहीत. नियमित मिळणारे भत्ते मात्र धरतात, रोखीत असोत वा वस्तूत.

आता कडू भाग. उशिरा नोंदणीचा दंड दिवसाला ५ रुपयांपर्यंत. तुमचे अडीच वर्षांच्या आतबाहेरचे दिवस धरले तर साडेचार हजारांच्या आसपास. थकलेल्या करावर व्याज, महिना सव्वा टक्क्यापासून चढत दोन टक्क्यांपर्यंत. शिवाय कर वेळेत न भरल्याचा दहा टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. शेड विकावी लागणार नाही. टेम्पोचे टायर बदलायला जेवढे लागतात तेवढ्यात निघेल.

नोंदणी महाजीएसटीच्या संकेतस्थळावर. अर्जात तारीख खरी घाला, डिसेंबर २०२२. ‘आजपासून माणसं ठेवली’ असं लिहायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो घेऊ नका. बँकेतून पगार गेलेत ना? मग झालं. जुन्या काळाचं विवरण (रिटर्न) कसं भरायचं हे तुमच्या भागातल्या राज्य कर कार्यालयात रजिस्टर घेऊन जाऊन प्रत्यक्ष विचारा. स्वतःहून आलेल्याशी ते नीट बोलतात, हा माझा तरी अनुभव.

शनिवारी पगार:

माझ्याकडून भर. नंबर मिळाल्यावर चलन भरताना पहिल्यांदा माझा हात घसरला. यादीत पीटीईसी आणि पीटीआरसी खालीवर असतात. मी नोकरांचे सहा महिन्यांचे पैसे माझ्याच पीटीईसीवर भरले. पैसे सरकारकडे पोचले, पण पीटीआरसीला थकबाकी तशीच. ते निस्तरायला चार खेपा झाल्या. पुढे जायचं बटण दाबण्याआधी नंबर ९९ चा की २७ चा, बोट ठेवून वाचा.

आणि विवरण भरायला विसरू नका. पैसे भरले म्हणजे विवरण भरलं असं नाही. उशीर झाला की प्रत्येक विवरणाला हजार रुपये, मुदतीनंतर तीस दिवसांत भरलं तर २००. शून्य रुपयांच्या विवरणावर हजार भरताना जीव कसा तुटतो ते मला विचारा. सरकार मधूनमधून हे विलंब शुल्क माफ करतं, पण त्या भरवशावर बसू नये.

खतावणी:

+१. मागच्या वर्षीचा कर एक लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकच विवरण, ३१ मार्चपर्यंत. पण नव्या नोंदणीला पहिल्या वर्षी दरमहा भरावं लागतं. नवीन लोक तिथेच फसतात, कारण सगळे सांगतात ‘तुम्ही छोटे, तुमचं वार्षिक’.

काजूबी:

धागा हायजॅक करत नाही, पण माझी छोटी शंका. युनिट सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रात बांद्याला आहे, दोन पोरं गोव्यातल्या पेडण्याहून रोज मोटारसायकलवर येतात. गोव्यात व्यवसाय करच नाही. मग त्यांचा कापायचा का? ती म्हणतात, आम्ही गोंयचे.

खतावणी:

काम बांद्यात करतात, पगार बांद्यात मिळतो, तर महाराष्ट्राचा कर लागणार. झोपायला कुठं जातात हे बघत नाहीत. उलट तुम्ही पेडण्यात दुकान काढून तिथे माणूस ठेवलात तर त्याचा कापू नका.

सह्याद्रीचा वारा:

मी वर चुकीचं लिहिलं, मान्य. माझ्याकडे सहा पोरं आहेत, सगळ्यांचा पगार १५ हजारांच्या वर. उद्याच बघतो. बारा वर्षांचं गणित करायचं धाडस होत नाहीये अजून.

एक विचारतो: कामगार कल्याण निधीचं पण असंच काही आहे म्हणे?

खतावणी:

हो. तो कर नाही, पण राज्याचीच कपात. पाच किंवा जास्त माणसं असतील तर लागतो. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे २५, मालकाचे ७५. माणशी सहा महिन्याला शंभर. २०२४ ला दर वाढला, जुन्या एक्सेलमध्ये १२ आणि ३६ दिसत असतील तर बदला. मिरचीपूड ताई, तुम्हीही यात येता. आणि माणसं आठ झालीत, दहाला पोचायच्या आधी ईएसआयसीचा अभ्यास करून ठेवा.

मिरचीपूड:

अपडेट द्यायचा राहिला होता. कार्यालयात जाऊन आले, रजिस्टर आणि बँकेचं पासबुक घेऊन. साहेबांनी आधी सगळे पगार पेन्सिलीनं टिपून घेतले, मग म्हणाले, “मावश्यांचे चार महिने तुम्ही स्वतःहून धरलेत?” मी म्हटलं, मला कुणीतरी सांगितलं. (खतावणी, तुम्हाला मसाला पाठवायचाय. तिखट चालतो का?) नंबर आला, २७ चाच आहे, तीनदा वाचला. मागचे ११,८०० मी माझ्याकडून भरले, व्याजासकट. दंडाचं अजून ठरायचंय. दुकानसाखळीचा फॉर्म पुन्हा पाठवलाय.

पुढच्या पगारापासून ड्रायव्हर आणि कांडपवाला, दोघांचे २०० कापले जाणार हे शनिवारी चहाच्या वेळी सांगितलं. मावश्यांचं काही कापणार नाही हेही सांगितलं. तिकडे एकदम हशा. कांडपवाला काही बोलला नाही. ड्रायव्हरनं सगळं नीट ऐकून घेतलं, मग फेब्रुवारीचे ३०० कळल्यावर म्हणाला, “वहिनी, त्या महिन्यात दिवस कमी आणि कापणी जास्त, हे कुणाच्या डोक्यातून आलं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अकरा गुणिले २०० चं गणित सांगितलं, तर म्हणतो, मग मे महिन्यात घ्या, तेव्हा भाडी चांगली असतात.