भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगितला होता का?

जळगावच्या एक पालक :
‘न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी खानदेशच्या भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला’ हा संदेश काल पुन्हा आला, आणि या वेळी मला गप्प बसवले नाही. माझ्या मुलाने हेच वाक्य एका स्पर्धेच्या तोंडी फेरीत म्हटले. ‘मग तो नियम सांग’ असे परीक्षकांनी विचारताच पोर खाली मान घालून उभे राहिले. भास्कराचार्यांच्या गोलाध्याय या खगोलावरील ग्रंथातला श्लोक असा आहे : ‘आकृष्टिशक्तिश्च मही तया यत् खस्थं गुरु स्वाभिमुखं स्वशक्त्या । आकृष्यते तत्पततीव भाति समे समन्तात् क्व पतत्वियं खे ॥’ पृथ्वी सतत खाली पडते आहे असे मानणाऱ्या बौद्धांना दिलेले हे उत्तर आहे : वस्तू पडतात त्या पृथ्वी ओढते म्हणून, चहूकडे सारख्याच असलेल्या आकाशात पृथ्वी स्वतः कोठे पडणार? विचार थोर आहे, परंतु अंतर वाढले की ओढ किती घटते, हे त्यात नाही. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे, म्हणून तो एका मिनिटात पृथ्वीकडे जेवढा ढळतो तेवढीच इथली वस्तू एका सेकंदात पडते, हा हिशेब न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. नियम म्हणतात तो याला.

चाळीसगावकर :
ताई, मुलाला श्लोकाचा अर्थ कोणी शिकवला नाही, हा दोष भास्कराचार्यांचा नव्हे. पृथ्वीला शेषाचा किंवा हत्तींचा आधार लागत नाही, हे ११५० मध्ये इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिणारा माणूस आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा होता, आणि मला ते पन्नाशीत कळले. दर नवरात्रात आम्ही पाटणादेवीला जातो. भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाविषयीचा तिथला शिलालेख काय सांगतो, हे इतक्या वर्षांत एकाही शहाण्याने मला सांगितले नाही. शाळेत मात्र सफरचंद होते.

निवृत्त गणितशिक्षक, भुसावळ :
आपण दोघेही चुकीच्या श्लोकावर भांडत आहात. त्याऐवजी हे कोडे पाहा : एका वर्गाच्या ६१ पटीत १ मिळवला की पुन्हा वर्गच यावा, अशी सर्वांत लहान संख्या शोधायची आहे. उत्तर २२,६१,५३,९८० आहे आणि दुसरा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हे कोडे १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना घातले. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ते चक्रवाल, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा फिरवत उत्तर गाठण्याच्या, पद्धतीने सोडवून ठेवलेले होते. ही पद्धत त्यांच्याआधी जयदेव या गणितज्ञांकडेही होती, हेही सांगितले पाहिजे. अभिमान धरायचा तर याचा धरा. आणि ‘पाटण्याचा’ हे कशावरून?

चाळीसगावकर :
कशावरून म्हणजे? गुरुजी, लेख वाचा. भास्करांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने नेले ते ‘पुरादतः’, म्हणजे या नगरातून. घर इथे, मुलगा इथला, नातवाचा मठ इथे, आणि तरीही आम्ही पुरावा द्यायचा! हेच गाव पुण्याच्या वेशीवर असते तर हा प्रश्न कोणी विचारला नसता.

अमळनेरची इतिहासाची विद्यार्थिनी :
काका, मीही खानदेशचीच आहे, त्यामुळे पुण्याचा आरोप माझ्यावर करू नये. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीलगतचे विज्जडविड असे सांगतात, आणि पाटण्याच्या लेखात ते नाव येत नाही. ते विजापूर मानणारे आहेत, बीड मानणारेही आहेत. लेख शके ११२८ चा आहे, आचार्यांचा जन्म शके १०३६ चा. ब्याण्णव वर्षांनंतरचा दगड नातवाच्या मठाची आणि मुलाच्या वास्तव्याची साक्ष देतो. आजोबांच्या जन्माची साक्ष त्याच्याकडून काढता येत नाही. माझे आजोबा मुक्ताईनगरचे आणि माझे वडील अमळनेरला वाढले. वडिलांच्या पत्त्यावरून आजोबांचे जन्मगाव कोणी ठरवील काय?

निवृत्त गणितशिक्षक, भुसावळ :
मुलीचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ‘या नगरातून’ या शब्दांचे वजन तिने कमी धरले, एवढे मी काकांच्या बाजूने लिहितो.

चाळीसगावकर :
ठीक आहे. जन्म पाटण्याचा हे सिद्ध नाही. लिहिताना जिवावर येते, पण लिहितो. मग माझेही एक मान्य करा. नातू चांगदेवाने मठ काढला तो आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी, आणि इथला निकुंभ घराण्यातला राजा सोइदेव याने त्याला दान दिले. लेखाच्या शेवटच्या ओळी संस्कृत नाहीत, ‘इयां पाटणीं’ अशा आपल्या मराठीत आहेत; पाटणच्या बाजारात विक्रीला उघडलेल्या मालावरचा राजाचा वाटा त्यांनी मठाच्या पदरी घातला आहे. गणित शिकवण्यासाठी बाजाराचे उत्पन्न तोडून दिलेले दुसरे गाव विजापूरवाल्यांनी किंवा बीडवाल्यांनी मला दाखवावे.