भिंतीवरची खूण तारते की बुडवते?

शाहूपुरीकर
कोल्हापुरातल्या आमच्या कुंभार गल्लीतल्या घरात २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तशा आम्ही गणपतीच्या मूर्ती त्या खुणेच्या हातभर वरच्या फळीवर ठेवल्या आणि निवांत झालो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मूर्तींचा चिखल झाला.

कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या लेखात हीच खोड सांगितली. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं, ते १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ वाल्यांचा ४५. चाकाचा आणि देशांचा काय संबंध? पण आकडा डोक्यात नांगर टाकून बसतो (जहाजाचा, शेतातला नव्हे). आपण ज्याला अनुभव म्हणून मिरवतो, तो बऱ्याचदा असला नांगरच असतो.

तांबडा_रस्सा
भावा, चाक खोटं होतं, तुझी खूण खरी होती. दोन्ही एकाच मापात कशी घालतोस? गिगेरेन्झर नावाचा जर्मन मानसशास्त्रज्ञ कानेमनशी याच मुद्द्यावर भांडला: थोडक्या माहितीवरचा साधा ठोकताळा कैकदा मोठ्या हिशेबापेक्षा बरा चालतो. आम्ही नदीकाठच्या चिखली गावचे. पाणी पाराला लागलं की जनावरांची दावी सोडायची, हा आबांचा नियम. २०१९ ला एक म्हैस गेली नाही आमची.

शाहूपुरीकर
आणि आबा?

तांबडा_रस्सा
...ते माडीवर थांबले. "एवढं पाणी माडीला येत नाही" म्हणून. बोटीनं काढलं.

गणिताच्या_बाई
म्हशींसाठी एक नियम, स्वतःसाठी दुसरा! आणि आता गल्लीत जो तो म्हणतो, "मला वाटलंच होतं." तेव्हा एकही बोलला नव्हता. निकाल कळल्यावर आधीचं अज्ञान आठवत नाही, ही खोड मला तर नांगरापेक्षा वाईट वाटते, कारण चूक झाली हेच पटत नाही. शाहूपुरीकर, नवीन खूण केलीत का?

शाहूपुरीकर
केलीय. पण मूर्ती तिच्या वर ठेवत नाही आता. बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की टेम्पो बोलावतो. ४३ ची, धोका पातळीची वाट बघत नाही.

तांबडा_रस्सा
म्हणजे ठोकताळ्यावरच आलास की!

शाहूपुरीकर
आलो. पण हा नदी बघून केलेला आहे, भिंत बघून नव्हे. आणि आबांना सांग, टेम्पोत जागा असते.