सामाईक गट, पाच नावं आणि विहीर काकांच्या तुकड्यात: वाटणी कशी करावी?

राम राम मंडळी. गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या अंगाला. एकाच गट नंबरात साडेसात एकर. सातबारा उताऱ्यावर वडील, दोन काका, दोन आत्या. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, पुढे फेरफार नाही. घरगुती वाटणी जुनीच आहे, जो तो आपल्या बांधाच्या आत कसतो.

आजोबांच्या वेळी इथे बाजरी-भुईमूग. पालखेडच्या पाटाचं पाणी आलं तसा ऊस आला. वडिलांनी ऊस मोडून थॉमसन द्राक्षाची बाग लावली. अँगल, तारा, ठिबक सगळं गावच्या विकास सोसायटीच्या कर्जावर. आता बाग मी बघतो. मधले काका नाशिकला सिडकोत राहतात. अवकाळीने लागोपाठ हंगाम गेले, तेव्हा त्यांनी आपली बाग मुळासकट काढली. त्यांचा तुकडा रस्त्याला लागून, त्यामुळे प्लॉटिंगवाले मागे लागलेत. काकांवर राग नाही, मुलीच्या शिक्षणाला पैसा लागतोच. पण विहीर त्यांच्या तुकड्यात आहे आणि आमची पाइपलाइन तिथूनच येते. द्राक्षमणी फुगवणीच्या वेळी पाणी अडलं तर वर्ष गेलं. शिवाय ही काळी जमीन सिमेंटखाली जावी हे मला सहनच होत नाही. काय करता येईल?

निवृत्त तलाठी, सिन्नर
नोकरीत असे गट पुष्कळ पाहिले. लोक एकरावर भांडतात आणि विहीर, रस्ता तोंडीच ठेवतात. पुढची पिढी मग मामलतदार कोर्टात. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. वाटपात स्पष्ट लिहा: विहीर व तिच्याभोवतीची जागा सामाईक, प्रत्येकाची पाळी, पाइपलाइन कुठून जाणार, बैलगाडी-ट्रॅक्टरचा रस्ता किती फुटी. फेरफार झाला की विहिरीचा हिस्सा उताऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात आला का, तेही बघा. सोसायटीचा बोजा कोणाकडे, तेही आधीच ठरवा.

आणखी एक. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एक वारस हिस्सा विकत असेल तर सहवारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. हा हक्क तुमचा नाही, वडिलांचा, दुसऱ्या काकांचा आणि आत्यांचा. वाटप करण्याआधीच वकिलाला भेटा.

माहेर दिंडोरी, सासर चांदवड
दादा, आत्यांची नावं उताऱ्यावर आहेत असं लिहिलंत, त्यांना काय वाटतं ते लिहिलं नाही. आमच्याकडे राखीपौर्णिमेला जेवण झाल्यावर हक्कसोडीचे कागद पुढे आले. मी सही केली नाही. जमीन मला कसायची नव्हती, पण ज्या विहिरीवर आईसोबत भाजी धुतली तिच्यावर माझं नाव कुठेच राहणार नाही, हे मनाला पटेना. शेवटी माझा हिस्सा मी विहिरीच्या बाजूला मागितला. भाऊच कसतो, पाणी दोघा भावांना लिखित पाळीने जातं. ओझरला वाघाड धरणाच्या पाण्यावर पाणी वापर संस्था आहेतच की, तिथेही शेतकरीच पाळ्या ठरवतात. तुमच्या आत्यांनी हिस्सा विहिरीकडे घेतला तर प्लॉटिंगवाला तिथवर पोचणारच नाही. मात्र आधी त्यांच्याकडे जाऊन बसा, कागद नंतर.

धागाकर्ता
ताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. थोरली आत्या पिंपळगावला आहे, रविवारी वडिलांना घेऊन तिच्याकडे जातो. तलाठी साहेब, धाकटी आत्या सुरतला असते. संमतीसाठी तिला तहसीलमध्ये स्वतः यावं लागेल, की नोंदणीकृत मुखत्यारपत्र चालेल?