पेतियो युद्धाचा बळी? काहीही!

रानवारा
मुठाकाठ यांनी परवा ‘डॉ. पेतियो : युद्धाचा बळी’ असा लेख टाकला. हा पेतियो म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, ज्यूंना अर्जेंटिनाला पळवून नेतो असं सांगून त्यांचे खून करणारा डॉक्टर. त्यांचं म्हणणं, जर्मनांनी पॅरिस व्यापलं नसतं तर हा माणूस गावात सर्दीखोकल्याची औषधं देत म्हातारा झाला असता, खरा खुनी म्हणजे ती राजवट. खाली सगळे ‘वेगळा विचार’ म्हणून माना डोलावतायत. मला राहवलं नाही.

हा सर्दीखोकल्याचा डॉक्टर व्हिलनव्ह-स्युर-योन गावचा महापौर होता आणि पैशांच्या घोळावरून निलंबित झाला होता. वीजचोरीत दोषी ठरला होता. १९२६ मध्ये त्याच्याशी संबंध असलेली एक तरुणी नाहीशी झाली ती कायमची. तेव्हा पॅरिसमध्ये कुठले जर्मन होते?

१९३३ मध्ये पॅरिसला येऊन त्यानं दवाखाना थाटला. १९४२ मध्ये नशेच्या औषधांच्या दोन प्रकरणांत तो अडकला आणि त्या प्रकरणांशी संबंध असलेले दोघे, व्हान बेव्हर आणि मार्त काईत, गायब झाले. घरच्यांना मात्र ‘मी बाहेर जातोय, काळजी करू नका’ छापाच्या चिठ्ठ्या पोचल्या. हे दोघे देश सोडून पळणारे ज्यू नव्हते, डॉक्टरच्या गळ्याशी येऊ शकतील असे लोक होते. म्हणजे खून करायची सवय आधीची. अर्जेंटिनाला पोचवण्याच्या नाटकातून त्याला वरून आणखी गिऱ्हाईकं मिळाली.

मुठाकाठ
तुम्ही शीर्षक वाचून चिडलात, लेख वाचला नाहीत. तो संत होता असं मी कुठे लिहिलंय?

आकडा बघा. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यू पकडले गेले आणि पकडणारे फ्रेंच पोलीस होते. ‘डॉ. यूजीन’ (पेतियोनं घेतलेलं खोटं नाव) माणशी २५ हजार फ्रँक घेऊन दक्षिण अमेरिकेला पोचवतो म्हटल्यावर माणसं दागिने कपड्यांत शिवून २१, रू ल स्युर या त्याच्या घराच्या दारात उभी राहिली. अर्जेंटिनाला लागणारी लस म्हणून सुई टोचून घेतली आणि संपली. आता सांगा, मागे राहिलेल्या बायकोनं पोलिसात जाऊन काय म्हणायचं? नवरा बेकायदा पळत होता, त्याला शोधून द्या? शोधायला पाठवायचं कुणाला, तर धरपकड करणाऱ्यांनाच? गुशिनोव्ह हा फरचा व्यापारी, पेतियोच्याच दवाखान्याजवळचा, जानेवारी १९४२ मध्ये गेला. बायकोला ‘पोचलो’ अशी पत्रं आली. तिनं विश्वास ठेवला, कारण नाहीसं होणं हीच आनंदाची बातमी होती. असं शहर कुठल्याही खुन्याला शांततेच्या काळात मिळत नाही. माझा मुद्दा एवढाच.

आणि शेजाऱ्यांनी धूर नाकात जाईपर्यंत तोंड उघडलं नाही. आपल्या सोसायट्यांतही तेच चालतं.

केतकी
शेजाऱ्यांवर का घसरता? मार्च १९४४ मध्ये त्या घराच्या धुराड्यातून घाण वासाचा धूर येत होता, शेजाऱ्यांनीच ११ मार्चला कळवलं, म्हणून तर अग्निशमनवाले आत शिरले आणि तळघरातली भट्टी सापडली. नाहीतर हे प्रकरण उघडकीला आलं असतं का?

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका एकटे राहायचे. दार बंद, वास यायला लागला. मी सेक्रेटरींना सांगितलं, ते म्हणाले, उंदीर मेला असेल. अध्यक्षांना सांगितलं, त्यांचा फोन ‘मीटिंगमध्ये’. शेवटी मी पोलिसांना फोन केला तेव्हा सगळ्या सोसायटीचे टोमणे मलाच, की आता फ्लॅटचे भाव पडणार. बोलणारे असतात हो. ऐकणारं कुणी नसतं.

काळा_कोट
केतकीताई, पॅरिसमध्ये ऐकणारे होते, तेच तर भयंकर आहे. पोलीस दाराशी उभे असताना पेतियो सायकलवरून आला, ‘तुम्ही फ्रेंच आहात ना?’ असं विचारलं आणि ही प्रेतं जर्मनांची आणि फितुरांची आहेत, मी जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत आहे, असं सांगितलं. त्यांनी त्याला जाऊ दिलं! भट्टीत माणसं जळताना पाहिलेल्या पोलिसांनी! ना पंचनामा, ना ओळख पटवणं. कोर्टात उभं राहून राहून मला या ‘आपल्या माणसाला सोडून द्या’ वृत्तीचा मनस्वी राग येतो. पोलीस न्यायाधीश झाला की गुन्हेगाराला फक्त योग्य झेंडा दाखवावा लागतो.

मुठाकाठ
मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत! स्वतंत्र शहरातल्या पोलिसानं असं सोडलं असतं का? राजवटीनं माणसांना इतकं वाकवलं होतं की समोरचा खुनी ‘आपला’ वाटला. आणि गेस्टापोचं, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचं, काय झालं ते बघा. त्यांना हा खरोखर माणसं पळवणारा वाटला. मे १९४३ मध्ये पकडला, छळ केला, जानेवारी १९४४ ला सोडला. त्याच्या जाळ्याचा छडा लावायला त्यांनी इव्हान ड्रेफ्यूस नावाच्या ज्यू कैद्याला आत पाठवलं होतं. तो परतलाच नाही.

केतकी
माझ्या सोसायटीचा पॅरिसच्या राजवटीशी काय संबंध ते आधी सांगा. तुम्ही शेजाऱ्यांना दोष दिलात, त्याचं उत्तर आलेलं नाही.

खाडीपलीकडचा
इथे लोक पुस्तकी भांडतायत, म्हणून सांगतो. माझा मावसभाऊ एजंटच्या नादानं आखातात गेला. व्हिजिट व्हिसावर कामाला लावलं, पासपोर्ट काढून घेतला. तक्रार कुणाकडे करणार? तोच बेकायदा! मावशी इथे देवाला नवस बोलत बसली, पोलिसात गेली नाही. मुठाकाठ म्हणतायत ते शंभर टक्के खरं. माणूस कायद्याबाहेर ढकलला गेला की त्याला कुणीही खाऊ शकतं.

रानवारा
खाडीपलीकडचे, वाईट वाटलं, पण भाऊ परत आला ना? पेतियोकडे गेलेल्या क्नेलर कुटुंबातला लहानगा रने परत आला नाही. त्याचे कपडे सापडले. एजंटनं पासपोर्ट ठेवून घेतला आणि डॉक्टरनं पोराला मारलं, हे एका मापानं कसं मोजता?

खाडीपलीकडचा
मी मोजलं नाही. तुम्हाला मोजायचंय म्हणून तसं ऐकू येतंय. आणि भाऊ परत आला की नाही हे मी लिहिलेलंच नाही. गृहीत धरून बोलू नका.

रानवारा
बरं, तो भाग सोडतो. मुठाकाठ, कुटुंबांची तोंडं राजवटीनं बंद केली होती, हे मान्य. पण राजवट गेल्यावरचा पेतियो तुम्ही लेखात का टाळलात? ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मोकळं झालं. हा दाढी वाढवून ‘कॅप्टन हेन्री व्हालेरी’ नावानं मुक्तिसेनेत शिरला. वर्तमानपत्रात त्याच्याविरुद्ध लेख आला तर उत्तरही पाठवलं. ३१ ऑक्टोबरला साँ-मांदेच्या मेट्रो स्टेशनवर पकडला गेला. ज्याला बळी म्हणता तो नव्या राजवटीतही दुसऱ्या दिवशी टोपी बदलून उभा होता!

काळा_कोट
खटल्यातही तेच. मार्च १९४६ मध्ये उभा राहून म्हणाला, मी ६३ जणांना मारलं, सगळे देशाचे शत्रू. आरोप २७ खुनांचा, सिद्ध झाले २६. कोर्टात बॅगांचा ढीग मांडला होता, नातेवाइकांनी कपडे ओळखले. त्यानं मारलेल्यांपैकी डॉ. ब्राउनबर्जर काय जर्मन होते? ज्यू डॉक्टर होते ते. त्याच्याच पेशातले! २५ मे ला गिलोटिन. मी फाशीच्या विरोधात आहे, तरी त्याचा ‘देशभक्त’ हा बचाव ऐकून…

मुठाकाठ
फाशीचा विषय वेगळा, तो इथे काढू नका, दोनशे प्रतिसाद होतील.

रानवारा, शीर्षक बदलतो. ‘बळी’ काढतो, कारण त्या लोकांचा अपमान होतो हे केतकींनी मला खासगी निरोपातही सुनावलंय. मजकुरातलं एक वाक्य बदलणार नाही. पेतियो आधीपासून खुनी होता, असेल. पण त्याच्याकडे माणसं रांग लावून येतील अशी वेळ पोलीस ठाण्यांनी आणली, त्या १३ हजारांच्या धरपकडीनं आणली. ते मी पुढच्या लेखात सविस्तर लिहिणार आहे. तिथे या.

रानवारा
येतो. आणि व्हान बेव्हर आणि काईतवर एक परिच्छेद घाला, नाहीतर तिथेही हेच लिहीन.