घरी शिवलेल्या तंबूची शिवण ताण आणि पाऊस सोसेल अशी कशी करावी?

प्रश्न : डोंगरवाट_बडोदे

नमस्कार. पावसाळ्यात पावागड आणि जांबुघोड्याच्या बाजूला नेण्यासाठी दोन माणसांचा तंबू घरीच शिवायचे आम्ही ठरवले असून त्यासाठी सुरतेहून पातळ, एका अंगाने लेप दिलेले पॉलिएस्टरचे कापड आणले आहे. कापायला घेण्याआधी त्याच्या दोन पट्ट्या साध्या टिपेने जोडून पाहिल्या. जोर लावून ओढल्यावर दोरा तुटला नाही, परंतु सुईची भोके लांबट झाली आणि पट्टी खिडकीसमोर धरताच टिपेच्या रेषेतून उजेड दिसू लागला. टाके दाट घालावेत, टिपांची संख्या वाढवावी, की शिवणीचा प्रकारच बदलावा? मशीन घरचेच, पायाने चालवायचे आहे. दोरा सुती चालेल, असे एका दुकानदाराने सांगितले. ते मला पटलेले नाही.

उत्तर : शिवणकाम_मांजलपूर

टाके दाट करू नका. पातळ कापडात जितकी भोके जवळजवळ पडतील तितके ते त्या रेषेवर फाटण्यास तयार होते. टाका साधारण ३ मि.मी. ठेवावा, म्हणजे इंचाला ८ ते ९ टाके येतात. सुई १४ नंबरची पुरते, कापड फारच तलम असेल तर १२ नंबरची घ्यावी. मात्र ती नवी हवी, कारण बोथट सुई धागे बाजूला न सारता तोडत जाते.

खरा फरक शिवणीच्या प्रकाराने पडतो. अनेक जीन्सच्या पायाला दोन टिपांची, दुमडून चपटी केलेली शिवण असते, तीच येथे करावी. दोन तुकडे एकावर एक ठेवताना खालच्याची कड सुमारे १ सें.मी. बाहेर राहू द्या, ती वरच्या तुकड्याच्या कडेवर दुमडून पहिली टीप मारा, मग दोन्ही तुकडे उघडून ती घडी एका बाजूला पाडा आणि तिच्या मोकळ्या कडेलगत दुसरी टीप मारा. अशा शिवणीत दोन्ही तुकडे एकमेकांत अडकतात, ओढ एकट्या दोऱ्यावर न येता घडीवरही वाटली जाते आणि कच्ची कड आत झाकली गेल्यामुळे धागे सुटत नाहीत. छतावर घडीची मोकळी कड कौलासारखी उताराकडे राहील असे पाहावे. ती वरच्या दिशेला राहिली तर पाणी तेथेच अडून आत शिरते.

असे कापड मशीनखाली फार सरकते. खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो आणि शेवटी एक तुकडा लांब उरतो. म्हणून कापड सुईच्या पुढून आणि मागून हलके ताणून धरावे, पण सुई वाकेल इतके खेचू नये. उत्तरायणानंतर घरात फाटके पतंग उरतातच. त्यांच्या कागदाची पट्टी कापडाखाली घेऊन शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा, चुण्या बऱ्याच कमी होतात. टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे लावावेत. टाचणी लागलीच तर ती घडीत झाकल्या जाणाऱ्या भागातच टोचावी.

उत्तर : मांडवकाम_दांडियाबाजार

ताईंनी शिवण नेमकी सांगितली आहे. दोऱ्याविषयी माझे मत असे की सुती दोरा वाईट नाही, पण त्याची जागा जाड सुती कॅनव्हासच्या तंबूत आहे. तेथे पाणी लागताच कापड आणि दोरा दोन्ही फुगतात आणि भोके आपोआप बुजतात. असा तंबू ओला गुंडाळून ठेवला की बुरशी येऊन दोरा कुजतो, हा त्याचा मोठा दोष. तुमच्या कापडाला पॉलिएस्टरचाच दोरा वापरा. नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी तो ताणला जातो आणि उन्हाने लवकर कमजोर होतो. दोरा कापडापेक्षा फार बळकट असण्यातही शहाणपण नाही, कारण वाऱ्याच्या झोतात दोरा तुटला तर जागेवर पुन्हा शिवता येते, कापड फाटले तर ठिगळाशिवाय गत्यंतर नसते.

तंबू बहुधा मधल्या शिवणीवर फाटत नाही, तो कोपऱ्यात फाटतो. जेथे दोरी बांधायची तेथे त्याच कापडाचे दोन जादा थर द्यावेत आणि त्यांची आतली कड गोलाकार कापावी, म्हणजे ताण एका सरळ रेषेत साठणार नाही. बॅगेला लावतात तशा जाड पट्टीचा फास करून तो चौकोनी टीप आणि आत फुली अशा रीतीने पक्का करावा. पट्टीचे टोक ज्योतीजवळ धरून वितळवावे, नाहीतर ते उसवत जाते.

डोंगरवाट_बडोदे

काका, ताई, मनःपूर्वक आभार. नवी पट्टी या पद्धतीने शिवली. पुष्कळ ओढूनही घडी हलली नाही. मात्र बाहेरून दिसणाऱ्या टिपेच्या भोकांतून पाण्याचे बारीक थेंब अजून येतात. त्यावर काय लावावे?

उत्तर : शिवणकाम_मांजलपूर

आधी लेप कोणता आहे ते ओळखा. लेपाच्या बाजूवर साधी चिकटपट्टी दाबून पाहा. ती नीट धरली तर लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्यावर शिवणीसाठी मिळणारे पॉलियुरेथेनचे द्रावण किंवा गरम करून बसवायची पट्टी चालते. चिकटपट्टी लगेच निघून आली तर लेप सिलिकॉनचा समजावा. त्यावर सिलिकॉनखेरीज काहीच टिकत नाही. अशा वेळी पारदर्शक सिलिकॉन सीलंट रंगाच्या दुकानातील मिनरल टर्पेंटाइनमध्ये ब्रशने पसरेल इतके पातळ करून टिपेवर चोळून लावावे. हे काम गच्चीवर, विस्तवापासून दूर करावे. थर पातळ असावा, नाहीतर सोलून निघतो. पूर्ण दिवसभर वाळल्यावर वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे घडी घातल्यावर कापड एकमेकांना चिकटत नाही. कोपऱ्यांतील फुलीच्या टिपांवरही हा हात फिरवावा, कारण तेथे भोके सर्वांत जास्त असतात.